आईंचं अळणी भांडं

घरात तिला सगळे चिठ्ठी म्हणायचे. खरं नाव होतं, चांगलं होतं, पण ते आता फक्त बँकेच्या पासबुकात उरलं होतं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणाला काही द्यायचं म्हटलं की तिचा हात कपाटाकडे वळायचाच नाही. शेजारीण गयावया करो, नाहीतर सख्खा नवरा कंबर धरून दारात उभा राहो, प्रश्न एकच. "चिठ्ठी आहे का?" नणंदेचा नवरा, म्हणजे या घरचा जावई, तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेला माणूस. त्यानं एका रविवारच्या जेवणात हे नाव काढलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. सासूबाईसुद्धा लाडात आल्या की "आमची चिठ्ठी" म्हणायच्या.

रविवारची दुपार या घरात ठरलेली होती. नणंद आणि जावई यायचे, बैठकीतलं टेबल भिंतीपासून ओढून मधे घेतलं जायचं, आणि चार माणसांच्या टेबलाला सहा जण कोपर चिकटवून बसायचे. चिठ्ठी आणि तिचा नवरा, नणंद आणि जावई, आणि सासू-सासरे, ज्यांना सगळेच आई आणि बाबा म्हणायचे. बाबा शिंपी. दुकान सोडून बरीच वर्षं झाली होती, पण खिडकीशी मशीन होतं आणि आळीतल्या निम्म्या पॅंटींची दुमड त्यांच्या हातची होती. बोटांना आणि शर्टाच्या खिशाला कायम खडूची पांढरी भुकटी लागलेली असायची. स्वयंपाकघराचं मात्र त्यांना वावडं. आई सांगायच्या, "यांना विचारा बरं साखरेचा डबा कुठला, अख्खा संसार झाला तरी सांगता येणार नाही." बाबा हसायचे आणि ते खरंही होतं.

मग आईंचं दुखणं आलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. कमी नव्हे, बंद. आई तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. "मेलं, जगायचं कशावर?" एवढंच त्या रिक्षात म्हणाल्या.

चिठ्ठीच्या हातात आता घरातच चिठ्ठी पडली होती. तिनं पद्धत बसवून टाकली. रस्सा असो, डाळ असो, साधं सूप असो, सगळं आधी मिठाशिवाय शिजवायचं. शिजलं की त्यातलं आईंपुरतं एका छोट्या भांड्यात काढायचं, झाकण ठेवायचं, आणि मगच मोठ्या पातेल्यात मीठ टाकायचं. त्या भांड्याच्या झाकणाची मूठ तुटलेली होती, म्हणून ते कुणी दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात त्याची जागा ठरली. बाबा जेवणाआधी पाणी प्यायला आत यायचे, पेला विसळून ठेवायचे आणि जाताना आईंचं भांडं बाहेर न्यायचे. त्यांना येणारं स्वयंपाकघरातलं काम ते एवढंच.

दोन वर्षं तिनं हे असं सांभाळलं की दुकानातल्या मालकानं शाबासकी दिली असती. बाहेर जेवायला जाणं बंद झालं, कारण हॉटेलात अळणी कोण करून देणार. नणंद कधीतरी पुडा घेऊन यायची तर चिठ्ठी आधी पुड्यामागची बारीक अक्षरं वाचायची आणि पुडा परत पिशवीत घालायची. नणंद तोंड वाकडं करायची, जावई म्हणायचा, "वहिनी, आम्ही तुमचं मीठ खाल्लंय, आम्हाला बोलता येत नाही." आई मात्र तक्रार करायच्या नाहीत. उलट अधूनमधून घास गिळून म्हणायच्या, "आज चव आलीये हो, चिठ्ठी." चिठ्ठीला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अळणी रश्श्याला कसली आलीये चव? तिला वाटायचं, एकतर आपली थट्टा चाललीये, नाहीतर आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणतायत. दोन्हींतलं काय जास्त वाईट ते तिला ठरवता यायचं नाही.

एवढं करूनही आईंचे पाय सुजायला लागले. चिठ्ठीनं स्वतःचीच चूक शोधली. पावात मीठ असतं, तिनं पाव बंद केला. बिस्किटात असतं, चहाबरोबरची दोन बिस्किटं होती तीही काढून घेतली. सूज उतरली नाही. शेवटच्या आठवड्यात आई बिछान्यावरून उठेनाशा झाल्या, आणि एका दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, त्यांनी चिठ्ठीचा पदर धरला.

"चिठ्ठी, एवढंसं मीठ दे गं. बोटावर दे. जिभेला लावते नुसतं."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना," चिठ्ठी म्हणाली.

आईंनी पदर सोडला. चेहरा भिंतीकडे केला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

त्यानंतर माणसं आली, माणसं गेली, आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. सून असावी तर अशी. ती मान खाली घालून ऐकत राहिली. कुणी "सासूची सेवा केली" म्हणालं की तिचा पदर कुणी ओढल्यासारखं व्हायचं. खरंच व्हायचं, ती मागे वळून बघायची.

पुन्हा रविवारी माणसं जमायला लागली त्या पहिल्या दुपारची गोष्ट. बटाट्याचा रस्सा शिजला. चिठ्ठीच्या हाताला सवय, हातानं आईंचं भांडं घेतलं, दोन डाव काढले, झाकण ठेवलं, आणि मग पातेल्यात मीठ पडलं. आपण काय केलं हे जेवणं उरकल्यावर, भांडी आवरताना तिच्या ध्यानात आलं. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात ते भांडं तसंच होतं. तिला रडू आलं. टाकून देववेना, म्हणून तिनं उभ्या उभ्याच, मोरीशी, चमच्यानं एक घास खाल्ला.

रस्सा अळणी नव्हता. मीठ होतं, आणि अगदी बेतानं होतं. मीठ घालण्याआधी काढून ठेवलेल्या भांड्यात मीठ होतं.

आपणच विसरून टाकलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण दुकानात गोळ्यांच्या पट्ट्यांत कधी चूक न करणाऱ्या बाईला असली समजूत किती वेळ पुरणार? पुढच्या रविवारी तिनं मुद्दाम भांडं काढलं. डाळ काढली, चाखली, अळणी होती. झाकण ठेवून ती बाहेर जाऊन बसली. जेवणं झाल्यावर येऊन चाखलं तर मीठ होतं. मिठाची बरणी होती तिथेच होती, झाकण घट्ट.

तिनं आडून आडून विचारून बघितलं. नवरा म्हणाला, "अगं, मी कशाला टाकू? तू थकलीयेस, दोन दिवस सुट्टी घे." नणंद म्हणाली, "वहिनी, मी तर आत आलेच नाही." जावयाला विचारणंच चुकलं. तो भर टेबलावर म्हणाला, "आई येऊन टाकून जात असतील. दोन वर्षांची थकबाकी आहे." सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी भातात बोटं तशीच ठेवली आणि चिठ्ठीकडे बघितलं, आणि चिठ्ठीला वाटलं, हे दुखावले. म्हाताऱ्या माणसापुढे हा विषय पुन्हा काढायचा नाही असं तिनं ठरवून टाकलं.

एका रविवारी ती हटून बसली. भांडं काढलं आणि शेवटपर्यंत स्वयंपाकघरातून हललीच नाही. माणसं येत राहिली, पाणी पिऊन जात राहिली. बाबा आले, पेला विसळला, थोडे घुटमळले, गेले. त्या दिवशी रस्सा अळणीच राहिला. म्हणजे पहारा दिला की येत नाहीत, ती मनाशी म्हणाली, आणि असं म्हणताना आपण कुणाबद्दल बोलतोय हे कळून तिनं दचकून मागे बघितलं.

आता तिला एकच गोष्ट कळून घ्यायची होती आणि ती कुणाला विचारता येत नव्हती. आई येतात त्या कशासाठी? माफ केलं म्हणून येतात, की भूक राहिली म्हणून? एखादं माणूस आपल्या दारातून उपाशी गेलं, आणि तेही आपण "नाही" म्हणालो म्हणून, तर त्याचं काय करायचं असतं हे कुठल्याच डॉक्टरच्या चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. ती दर रविवारी भांडं काढायची, बाहेर जायची, आणि सगळे पांगले की मोरीशी उभी राहून ते भरल्या डोळ्यांनी संपवायची. घरात एकटी असली की तिला पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. दुकानात एखादी म्हातारी काउंटरवर हात टेकून "एवढंसं द्या हो" म्हणाली की तिच्या हातातली पट्टी खाली पडायची. मालकानं दोनदा विचारलं, बरं आहे ना म्हणून.

बाबांचा वाढदिवस आला. जावयानं फर्मान काढलं की या रविवारी घरी चूल पेटणार नाही, सगळ्यांनी बाहेर जेवायचं. बाबांनी नको नको केलं आणि मग इस्त्रीचा शर्ट घातला. हॉटेल साधंच होतं. प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, भिंतीवर पंखा, आणि एकच घामाघूम वेटर. टेबल सहा जणांचं मिळालं. एक खुर्ची रिकामी राहिली आणि तिच्याकडे न बघण्यात सगळ्यांचा बराच वेळ गेला. बाबांच्या उजव्या हाताला आई बसायच्या. तिथे बसायला कुणी तयार होईना, म्हणून शेवटी चिठ्ठी बसली.

सूप आलं. बाबांचं लक्ष वेटरच्या पॅंटीकडे होतं. "ही दुमड कुणी घातली रे तुला? टाका बघ कसा धावलाय," ते त्याला म्हणत होते, आणि तो बिचारा एका पायावर उभा राहून दुमड दाखवत होता. त्याच वेळी बाबांचा उजवा हात खिशात गेला. एक चपटी डबी बाहेर आली. खडूची डबी, चिठ्ठी वर्षानुवर्षं ओळखत होती ती. अंगठ्यानं झाकण सरकलं, दोन बोटांची चिमूट भरली, आणि बाबांनी, तिकडे न बघता, टेबलाच्या कडेवरून हात पुढे करून ती चिमूट चिठ्ठीच्या सुपात सोडली. डबी परत खिशात गेली. तोंडानं ते अजून टाक्याबद्दलच बोलत होते.

चिठ्ठीनं चमचा तोंडाला लावला. सूप खारट झालं होतं.

मशीनवर तर आई गेल्यापासून कापड टाकलेलं होतं. कितीतरी दिवसांत बाबांनी खडू हातात धरला नव्हता, आणि तरी दर धुण्याला ती त्यांच्या खिशाची पांढरी भुकटी झटकत होती. एवढ्या साध्या गोष्टीकडे आपलं लक्ष कसं गेलं नाही? तिला आधी हसू आलं, मग रडू, आणि मग एकदम संताप आला. ती सुपात नुसता चमचा फिरवत राहिली. नवऱ्यानं विचारलं, "सूप आवडलं नाही का?" ती म्हणाली, "आवडलं."

पुढच्या रविवारी रस्सा शिजला, तिनं आईंचं भांडं काढलं, झाकण ठेवलं, आणि स्टूल ओढून शेजारीच बसली. बाहेर टेबल ओढल्याचा आवाज झाला. जावई काहीतरी सांगून सगळ्यांना हसवत होता. बाबा पाणी प्यायला आले. तिला बघून दाराशीच थांबले.

"टाका ना बाबा," ती म्हणाली. "माझ्यासमोर टाका."

बाबांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला नाही. ते एकदम थकलेले दिसले. पेला ओट्यावर ठेवून ते भिंतीला टेकले.

"तुला कधी कळलं?"

"हॉटेलात. माझ्या सुपात टाकलंत."

"तुझ्या सुपात?" त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. "हात गेला असेल. तिच्या जागी बसली होतीस ना."

"पहिल्यापासून टाकत होता?"

"पहिल्या महिन्यापासून." ते हळू बोलत होते, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "ती जेवेना. घास तोंडात धरून बसायची. मला बघवेना. मग डबीतला खडू काढून टाकला, मीठ भरलं. तिनं शपथ घातली होती, चिठ्ठीला सांगू नका. पोरगी एवढी जीव तोडून करते, तिला वाईट वाटेल."

आज चव आलीये हो, चिठ्ठी. म्हणजे ती थट्टा नव्हती, समजूतही नव्हती. चव आलेली असायची. चिठ्ठीला वाटलं होतं, हे कळलं की छातीवरचा दगड उतरेल. तो नुसता सरकला.

"पण आता का टाकत होता? आई नसताना?"

"पहिल्यांदा सवयीनं. भांडं दिसलं, टाकलं. बाहेर जाऊन बसलो आणि मग घाबरलो, की ती नाही तर भांडं कुणासाठी काढलंय? पुढच्या रविवारी परत भांडं. आणि नंतर बघावं तर रिकामं, धुतलेलं." बाबांनी तिच्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुला ती दिसते. तू सांगत नाहीस. मी म्हटलं, जेवून जात असेल तर अळणी कशाला जेवावं तिनं."

इतके दिवस या घरात दोन माणसं एकमेकांचं भूत होऊन वावरत होती, आणि दोघंही दर रविवारी एका टेबलावर समोरासमोर बसून जेवत होती. कुणीतरी एकानं तोंड उघडलं असतं तर? पण घरातली माणसं नेमकं तेवढंच करत नाहीत.

चिठ्ठीच्या मनात एक प्रश्न होता आणि तो विचारू नये असं तिला वाटत होतं. तिनं विचारला. "मग बाबा, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे का मागितलं? तुम्ही देत होतात तर?"

"मी बंद केलं होतं," ते म्हणाले. "पाय बघितले तिचे आणि हातपाय गळाले माझे. ती मागत होती, सारखी. मी म्हटलं, आता मला विचारू नकोस. चिठ्ठीला विचार. ती हो म्हणाली तर देतो."

म्हणून आईंनी पदर धरला होता. आणि बाबा त्या वेळी मुद्दाम घराबाहेर गेले होते. चिठ्ठीचं डोकं फणफणलं. दोन वर्षं मी पुड्यांमागची अक्षरं वाचत होते आणि हे खिशातून वाटत होते. बिस्किटं मी बंद केली, वाईट मी झाले, आणि शेवटचं "नाही"सुद्धा यांनी माझ्याच तोंडून म्हणवून घेतलं. तिला हे सगळं बोलायचं होतं. शब्द ओठांवर आले होते.

"चिठ्ठी," बाबा म्हणाले, "तू दुकानात असतेस, तुला यातलं कळतं. मी पोराला विचारू शकत नाही, पोरीला नाही. माझ्या चिमटीनं गेली का गं ती?"

तिला कळत होतं. मीठ काय करतं, पाय का सुजतात, तिला चांगलं कळत होतं. आणि ती अशी बाई होती की गिऱ्हाईक रडलं तरी खोटा धीर द्यायची नाही. समोर भिंतीला टेकलेला म्हातारा वाट बघत होता. एक "हो" म्हटलं की तिच्यावरचं सगळं उतरून त्याच्यावर जाणार होतं.

"मीपण टाकत होते, बाबा," चिठ्ठी म्हणाली.

"काय?"

"मीठ. थोडंसं. मलाही बघवत नव्हतं. तुम्ही एकटे नव्हता."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, पण मान नकारार्थी हलली.

"मी रोज आधी चाखायचो गं," ते म्हणाले. "जास्त होऊ नये म्हणून, चाखूनच टाकायचो. अळणीच असायचं. तुझा हात एक दिवस चुकला नाही."

बाहेरून जावयाचा आवाज आला, "चिठ्ठीबाई, आज जेवण मिळणार आहे की त्यालाही चिठ्ठी लागते?" कुणीतरी हसलं. आत कुणी हललं नाही.

मग चिठ्ठी उठली. बाबांच्या खिशातली डबी तिनं स्वतःच काढून घेतली. झाकण सरकवलं, दोन बोटांची चिमूट भरली. भांड्यावरचं मूठ तुटलेलं झाकण उचललं आणि चिमूट रश्श्यात सोडली.

"आता टाकलं," ती म्हणाली.

बाबांनी डोळे पुसले. चमचा घेतला, नेहमीसारखा ढवळला आणि चाखून बघितलं.

"थोडं कमी आहे," ते म्हणाले.

तिनं आणखी चिमूटभर टाकलं, आणि बाबा ते भांडं घेऊन बाहेर गेले.